पॉलिश पेपर लावण्याआधी

दसरा झाला की माझ्याकडे जुनं फर्निचर घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते आणि बहुतेकांचं मागणं एकच असतं: दिवाळीच्या आत नव्यासारखं करून द्या. लाकडी वस्तूंची डागडुजी आणि जतन हा माझा व्यवसाय. या दिवसांत माझा बराच वेळ लोकांना थांबवण्यात जातो. जुन्या टेबलावर एकदा मशीननं पॉलिश पेपर फिरला, की जे उडालं ते परत आणायची युक्ती कुणाकडेच नाही.

मागच्या वर्षी मिहानमधल्या एका फ्लॅटमध्ये मला असंच एक छोटं टेबल बघायला बोलावलं होतं. मिहान प्रकल्पासाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी गेल्या, हे नागपूरकरांना सांगायला नको. हे कुटुंब त्यांतल्याच एका गावचं. जुनं घर पडलं तेव्हा दारं-चौकटी विकल्या गेल्या, हे टेबल तेवढं राहिलं. नातू तिथल्याच आयटी कंपनीत नोकरीला. त्याला टीव्ही युनिटशी जुळेल असं गडद, चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश हवं होतं. आजी मात्र फळीवरच्या एका काळ्या वर्तुळावर हात ठेवून म्हणाल्या, "हा माह्या सासूच्या कंदिलाचा डाग आहे जी. हा नका काढू."

मी टेबल उलटं केलं. खरी माहिती खालीच असते, कारण तिथे पॉलिशवाल्याचा हात जात नाही. हातरंध्यानं पडलेल्या उथळ लाटा बोटांना लागत होत्या. पायांचे जोड सरसानं चिकटवलेले, प्लायवूडचा तुकडाही नाही, आणि एका कोपऱ्यात सुतारानं पेन्सिलनं केलेली फुली, कुठला पाय कुठे बसवायचा याची. लाकूड आपल्याकडचंच सागवान. आलापल्ली-बल्लारशाच्या सागाची ख्याती जुनी आहे. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी मार्च 2023 मध्ये लाकूड गेलं तेही बल्लारपूरहूनच. असा साग उजेडात वर्षानुवर्षं राहिला की त्याचे पिवळट-करडे पट्टे एकमेकांत मिसळून मधासारखा एकसंध रंग येतो. हा रंग अगदी वरच्या थरात असतो. घासला की खालून पुन्हा कच्चं, पट्ट्यापट्ट्यांचं लाकूड वर येतं आणि मग तेच जुनेपण आणायला पॉलिशवाला डब्यात रंग कालवतो. हे मला कधीच पटलेलं नाही.

वरचा थर कशाचा आहे हे कळल्याशिवाय काहीही ठरवू नये. पायाच्या आतल्या बाजूला, नजरेआड, मी आधी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला. काळाकुट्ट मळ निघाला: जुनं मेण, धूर, स्वयंपाकघराचा तेलकटपणा. त्याच जागी स्पिरिटचा बोळा लावला तर पृष्ठभाग चिकट झाला, कापूस तपकिरी झाला. म्हणजे लाखेचं, आपण चपड्याचं म्हणतो ते पॉलिश. स्पिरिटला दाद न देता थिनरनं विरघळलं असतं तर एनसी लॅकर. दोन्हींना बधलं नसतं तर मेलामाइन किंवा पीयू. खात्रीसाठी खोलीत अंधार करून अतिनील टॉर्च मारला. लाख त्या उजेडात नारिंगी चमकते. आजी खुर्ची ओढून बघत बसल्या होत्या.

लाख निघाली की माझा निर्णय जवळपास झालेला असतो. तडकलेला, निस्तेज झालेला लाखेचा थर खरवडावा लागत नाही. स्पिरिटनं तोच मऊ होतो आणि पुन्हा सपाट बसतो. त्यावर नवा पातळ हात द्यायचा. चपडा रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवायचा, मलमलीतून गाळायचा, मलमलीतच कापूस बांधून पोटली करायची. पोटली अडकू नये म्हणून तिला जवसाच्या तेलाचा एखादा थेंब. पळसावरची लाख आणि जवस, दोन्ही विदर्भाला परके नाहीत. शिवाय पन्नास वर्षांनी कुणाला हे काम आवडलं नाही, तर तो स्पिरिटनं ते काढू शकतो. पीयूचं तसं नाही, ते काढायचं म्हणजे लाकूड घासणं आलंच. एकच पथ्य: हे काम भर पावसाळ्यात करू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि पांढरी धूसर झाक येते.

सगळंच जपावं असं मात्र मी म्हणत नाही. जुन्या सागावर कुणी नंतर ऑइलपेंट फासला असेल तर तो मी काढतो. साध्या कारखानी टेबलाचं पॉलिश पार उडालं असेल तर खुशाल नवं करा, फक्त वर पातळ व्हिनीअर असेल तर घासू नका, आरपार जाल. वाळवी किंवा भुंग्यानं पोखरलेला पाय केवळ जुना म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. आणि वस्तू शंभरी ओलांडलेली असेल तर 1972 च्या पुरावशेष कायद्यानं ती खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही, हे अमेरिकेतल्या लेकीकडे धाडू पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

त्या काळ्या वर्तुळाचं काय? कंदिलाचं लोखंडी बूड, ओलावा आणि लाकडातलं टॅनिन यांच्या संयोगानं तो रंग होतो. ऑक्झॅलिक ॲसिडनं तो फिका करता येतो, पण त्यासाठी तिथलं पॉलिश काढावं लागलं असतं. मी तो ठेवला, आणि आजींनी सांगितलं नसतं तरी ठेवला असता. त्या जुन्या घरात वीज नव्हती तेव्हाचा तो एकुलता पुरावा.

नातवाचं मन वळलं ते मळ निघालेला पाय बघून. फळीला एक लांब भेगही होती, ती बुजवून द्या असा त्याचा आग्रह होता. नागपूरच्या मे महिन्यात लाकूड पार सुकतं, श्रावणात फुगतं. उन्हाळ्यात रुंदावलेल्या भेगेत कडक लांबी भरली, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या फळीला जागाच उरत नाही आणि ती दुसरीकडे तडकते. त्यात आता दिवसभर एसी. म्हणून भेग तशीच ठेवली, टेबल एसीच्या झोतातून बाजूला काढलं आणि भेगेच्या दोन्ही टोकांना खालच्या बाजूनं पेन्सिलच्या बारीक खुणा केल्या. ती खुणांच्या पुढे सरकली तरच मी खालून लाकडी पट्टी बसवणार आहे.