गिअर सटकतो तेव्हा

'गिअर सटकतो.' आमच्या बंदरावर हे दोन शब्द ऐकले की नाखव्याच्या पोटात गोळा येतो. इंजिन बंद पडलं तर निदान कळतं तरी की बंद पडलं. गिअर सटकला की इंजिन गर्जत राहतं, काटा वर चढतो, आणि बोट मात्र जागच्या जागी डुलत असते.

बंदराशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बोटीच्या पोटात इंजिन असतं आणि पाण्याखाली पंखा. दोघांच्या मध्ये गिअरबॉक्स. त्यात एकाआड एक बसवलेल्या क्लच प्लेटा असतात. तांडेलाने दांडा पुढे टाकला की तेलाच्या दाबाने त्या एकमेकींवर घट्ट बसतात आणि इंजिनाची ताकद शाफ्टमधून पंख्याला मिळते. हा दाब कमी पडला किंवा प्लेटा झिजल्या की त्या एकमेकींवर नुसत्या घसरतात. घसरण्याने तापतात, तापल्याने आणखी झिजतात. खोल समुद्रात हे झालं तर दुसऱ्या बोटीला हाक मारता येते. पण खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो, तिथे लाटा फुटतात. ऐन त्या जागी पंखा सुटला तर बोट लाटेला आडवी होते. पुढचं मी लिहीत नाही, कोकणातल्या किनाऱ्यावरच्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या बोटीला हे दुखणं मे महिन्याच्या शेवटच्या फेऱ्यांत लागलं. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे हाताशी दोन महिने होते. एका दुकानात त्याला सांगितलं, गिअरबॉक्सच बदला. उघडून कोणी पाहिलं नव्हतं. भाऊ कर्जाची चौकशी करू लागला, भावजयीने पाटल्या काढून ठेवल्या. ते जमलं नाही तर बोट विकून आखातात जायचं, असंही घरात बोलणं सुरू झालं.

तेव्हा अब्बांच्या वेळचे मिस्त्री चाचा आठवले. सत्तरी ओलांडलेले, शाळेत कधी गेले नाहीत. ते आले आणि पाना उचलण्याआधी त्यांनी प्रश्न विचारले. पुढे सटकतो की मागे? थंड असताना की गरम झाल्यावर? एकदम की हळूहळू? इंजिन मोकळं पळतं की दबून काळा धूर सोडतं?

शेवटचा प्रश्न मला कळला नाही. चाचांनी समजावलं. पंख्याला जाळं गुंडाळलं असेल किंवा त्यावर शिंपले चढले असतील, तरीही बोट चालत नाही. पण तेव्हा इंजिन दबतं, काळा धूर येतो. गिअर सटकतो तेव्हा इंजिनावरचं ओझं उतरतं आणि ते मोकळं पळतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, बोट जात नाही एवढंच.

बोट जेटीला पुढून-मागून जाड दोरांनी बांधली. इंजिनाचं पुस्तक आणि गिअरबॉक्सचं पुस्तक भावाने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं, पण ते इंग्रजीत. "आपा, तू वाच," तो म्हणाला. मी डेकवर झाकणापाशी बसून वाचत गेले आणि चाचांना आपल्या बोलीत सांगत गेले. गिअरचं प्रमाण ३:१ होतं. म्हणजे इंजिनाचे १२०० फेरे झाले की शाफ्टचे ४०० व्हायला हवेत. थंड असताना बरोबर ४०० भरले. अर्ध्या तासाने तेल गरम झाल्यावर पुढच्या गिअरमध्ये ३१० वर आले. मागच्या गिअरचं प्रमाणही तेच होतं, तिथे मात्र फेरे ४०० वरून हलले नाहीत.

चाचा म्हणाले, "पंप ठीक आहे. तेल, पंप, कूलर हे दोन्ही गिअरना एकच. ते बिघडले असते तर मागेही सटकला असता."

तेल पट्टीला लावून पाहिलं. पातळी बरोबर होती. तेल दुधासारखं पांढुरकं झालेलं नव्हतं, म्हणजे कूलरमधून खारं पाणी आत शिरलं नव्हतं. पण वास जळका होता. मग चाचांनी दाब मोजायचा गेज लावला. केबिनमधून गिअर टाकला की काटा पुस्तकातल्या आकड्याच्या खालीच थांबायचा. त्यांनी केबल सोडवली आणि गिअरबॉक्सवरचा दांडा हाताने टोकापर्यंत नेला. काटा चढून बरोबर आकड्यावर आला.

केबलला धरून ठेवणारा क्लॅम्प गंजून ढिला झाला होता. केबिनमध्ये दांडा पूर्ण पुढे जायचा, पण खाली गिअरबॉक्सपाशी एक बोटभर अंतर राहून जायचं. तांडेलाला वाटायचं गिअर पूर्ण पडला, प्रत्यक्षात तो अर्धवटच पडलेला असायचा.

भाऊ खूष झाला. क्लॅम्प तर फार महाग नाही! चाचांनी मान हलवली. हाताने पूर्ण गिअर टाकून, दाब बरोबर असतानाही गरम झाल्यावर शाफ्ट ३६० च्या वर जाईना. महिनोन्‌महिने अर्ध्या दाबावर घासून प्लेटा संपल्या होत्या. गिअरबॉक्स उघडला तेव्हा पुढच्या गिअरच्या प्लेटा काळ्या पडलेल्या, मधल्या लोखंडी चकत्यांवर निळसर डाग. मागच्या गिअरच्या जवळजवळ नव्यासारख्या.

पुढच्या प्लेटा, चकत्या, सील, फिल्टर आणि तेल बदललं. नवा क्लॅम्प लावून केबल अशी बसवली की दांडा दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत जाईल. एकूण खर्च नव्या गिअरबॉक्सच्या जवळपासही गेला नाही. पाटल्या पुन्हा हातात आल्या.

माझ्या मनात मात्र दुसरीच गोष्ट राहिली. नुसत्या प्लेटा बदलल्या असत्या तर एका हंगामात त्याही जळल्या असत्या. अख्खा नवा गिअरबॉक्स बसवून जुनी केबल तशीच जोडली असती, तरी तेच झालं असतं. जळालेली वस्तू आणि जाळणारी वस्तू वेगवेगळ्या असतात.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. आमच्या शाळेत घरी कोकणी बोलणारी, उर्दूतून शिकणारी आणि पुढे मराठीत अर्ज लिहावे लागणारी मुलं येतात. शिक्षकांच्या खोलीत 'कच्चा आहे' हा शेरा फार लवकर मारला जातो. त्या मुलाला कोकणीत विचारलं की तो भरती-ओहोटीचं पूर्ण गणित सांगतो, कागदावर मात्र दोन ओळी उतरत नाहीत. इंजिन चांगलं पळत असतं. कुठल्या भाषेत सटकतं, बोलताना की लिहिताना, सुरुवातीला की थकल्यावर, हे विचारायला पाच मिनिटं लागतात.

पुस्तकात एक पान असं निघालं जे भावाने कधी पाहिलं नव्हतं. अशा काही गिअरबॉक्सना अडचणीच्या वेळी प्लेटा बोल्टने आवळून पक्क्या करायची सोय असते. सगळ्यांना नसते, या गिअरबॉक्सला होती. ते बोल्ट चाचांना हाताने माहीत होते, पण चाचा बोटीवर नसतात. मग मी ते पान मोठ्या अक्षरात मराठीत लिहून काढलं. इंजिन बंद करा. गिअर न्यूट्रलला घ्या. बोल्ट सारखे आवळा. इंजिन सुरू होताच बोट पुढे सरकेल. वेग कमी ठेवा. मागे जाता येणार नाही, थांबायचं तर इंजिनच बंद करा.

कागद लॅमिनेट करून केबिनमध्ये लावला. सगळ्यात आधी तो नेपाळी खलाशाने वाचला. लिपी त्याचीही तीच. बोटाने ओळी धरत, अडखळत त्याने शेवटपर्यंत वाचलं आणि मला विचारलं, "पहिले इंजिन बंद, ना?"

हो, पहिले इंजिन बंद.