धोटा आणि फासे

आमच्या नातवाच्या तलवारी गेल्या आषाढात सत्तावीस वेळा मोडल्या. एवढी मोडतोड होऊनही परळच्या आमच्या दोन खोल्यांत लोखंडाचा एक कण सांडला नाही, की भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांची झोप चाळवली नाही. कारण त्या तलवारी, ती भट्टी, तो घण, इतकेच काय पण घणाचा आवाजसुद्धा निव्वळ शब्दांचा होता.

हा खेळ मला प्रथम काही केल्या उमजेना. त्यात चित्र नाही, संगीत नाही. काळ्या पडद्यावर अक्षरे उमटतात: तू लोहारशाळेत उभा आहेस, उत्तरेस नदी आहे, भट्टी पेटलेली आहे. मग खेळणाऱ्याने आपली आज्ञा टंकावयाची, आणि तिचे फळ काय मिळाले तेही अक्षरांनीच वाचावयाचे. चिरंजीव त्यात लोहार झाले आहेत. त्यांचे सवंगडी कोणी शिकारी, कोणी वैदू. जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसून ते खेळतात हे त्यांचे तेच जाणोत. सोंग घेऊन खेळावयाच्या या प्रकाराची वंशावळ नातवानेच मला सांगितली. 1974 साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि वीस पैलूंचा फासा घेऊन खेळावयाचा खेळ निघाला. आणि 1978 साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ रचावयास घेतला व रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. अनेक माणसांनी एकाच वेळी एकाच शब्दसृष्टीत वावरावे ही सोय त्यात होती. फासा तेवढा यंत्राच्या पोटात गेला. तो दिसत नाही, पण पडतो.

आणि तो पडतो तेव्हा तलवार मोडते. कारागिराच्या अंगचे कसब किती, हत्यार कोणते, माल कसा, जागा कोणती, या साऱ्यांचे आकडे यंत्रापाशी असतात. त्यांची बेरीज करून ते फासा टाकते आणि ‘तुझा प्रयत्न फसला’ एवढेच उत्तर देते. का फसला, हे सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. आठवडाभर खाणीत राबून जमवलेले लोखंड त्या एका ओळीत नाहीसे होते. नातवाने आपल्या बारा सवंगड्यांना बारा तलवारी देण्याचा शब्द दिला होता. छत्तीस वेळा प्रयत्न झाले, नऊ तलवारी हाती लागल्या, आणि खाण रिकामी झाली.

त्या दिवशी हिंदमातापाशी पाणी भरल्यामुळे शाळेला सुट्टी होती. पोरगा खिडकीत बसून म्हणाला, “आजोबा, माझं नशीबच फुटकं आहे.” त्याने उपाय काही कमी केले नव्हते. कोणी सांगितले, मध्यरात्रीनंतर फासे चांगले पडतात, तो जागला. कोणी सांगितले, आधी एक क्षुल्लक चाकू करून मोडू द्यावा, म्हणजे अपशकुन त्यावर जातो. त्याने चाकूंचा बळी दिला. मी हसणार होतो, पण हसू आवरले. खंडेनवमीला गिरणीत साच्यांना झेंडूच्या माळा घालून नारळ फोडणाऱ्या माणसाचा मी मुलगा. लोखंडाची मर्जी राखावी लागते, यावर आमच्या घराण्याचा पिढीजात विश्वास आहे.

तथापि माझा जन्म गणित शिकवण्यात गेला असल्यामुळे मी कागद मागितला. त्याचा खेळ मी पुरता समजावून घेतला, तेव्हा ध्यानात आले की तलवार ही एक वस्तू नव्हेच. पाते, मूठ, मुठीवरची आडवी पट्टी आणि म्यान, अशा चार वस्तू तेथे घडतात. चिरंजीव ‘तलवार कर’ अशी एकच आज्ञा देत. यंत्र चारही वस्तूंसाठी चार फासे टाकी आणि त्यांतला एक जरी उलटा पडला तरी चारींचा माल गिळून टाकी. प्रत्येक वस्तू जमण्याचा संभव शेकडा 70 असल्याचे त्याला ठाऊक होते, आणि 70 हा आकडा परीक्षेत वाईट दिसत नाही. परंतु चारही जमण्याचा संभव काढावयाचा तर हे अपूर्णांक एकमेकांनी गुणावे लागतात. सात दशांश चार वेळा गुणले की चोवीस शतांश उरतात. म्हणजे चारांत एक तलवार! छत्तिसांत नऊ! पोराचे नशीब यत्किंचितही फुटके नव्हते. ते अगदी हिशेबाप्रमाणे वागत होते.

नळराजाची गोष्ट येथे मला आठवली. द्यूतात राज्य घालवलेल्या त्या बिचाऱ्याला अखेर अक्षहृदय लाभले, ते काही मंत्रतंत्राच्या मार्गाने नव्हे. ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून पानांची आणि फळांची संख्या सांगितली. नळाने ती मोजून ताडून पाहिली, आणि मग ती विद्या मागून घेतली. फाशांची विद्या आणि मोजण्याची विद्या एकच, हे आमच्या पुराणकारांना माहीत होते. शाळेत मात्र ही गोष्ट आम्ही मराठीच्या तासाला शिकवतो आणि संभाव्यता गणिताच्या तासाला, आणि दोघींची गाठ पडू देत नाही.

उपाय सोपा होता. चारही वस्तू वेगवेगळ्या आज्ञा देऊन करावयाच्या. एखादी फसली तर तिचाच माल जाईल. जमलेल्या वस्तू फडताळात ठेवता येतील, आणि जुळवणीला त्या खेळात फासा नाही. पूर्वी एका तलवारीमागे सरासरीने चार तलवारींहून अधिक माल लागे, तो आता दीड तलवारीहूनही कमी लागणार. चांगला घण घेऊन प्रत्येक वस्तूचा संभव सत्तरावरून ऐंशीवर नेला, तर जुन्या रीतीनेसुद्धा चोविसाचे एकेचाळीस होतात, हेही त्याला दाखवले. त्याने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे मोडायचं थांबणार नाहीच का?”

या प्रश्नाला मी उत्तर देण्यापूर्वीच मला ते ऐकू आले; आणि ते माझ्या आवाजात नव्हते. “तुटायचा तो तुटणारच. तुटल्याचं आधी कुणाला कळतं ते बघ.” आम्ही वडिलांना आप्पा म्हणत असू. ते येथल्याच एका गिरणीत साच्यावर विणकर होते आणि धाग्याविषयी हे वाक्य ते नेहमी बोलत. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान अधू झाले होते. त्यामुळे घरात ते मोठ्याने बोलत. मला, मास्तरकीच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला, त्या मोठ्या आवाजाची लाज वाटे. या वाक्यात काही अर्थ असेल अशी मला शंकाही आली नव्हती. गिरणी म्हणजे हातांचे काम, डोके लागते ते आपल्याला, अशी माझी त्या वयातली समजूत होती.

आता कागद पुढे होताच म्हणून मी तो उलटा केला आणि आप्पांचे गणित मांडले. चाळीस इंच पन्ह्याच्या साध्या कापडात इंचाला साठ उभे धागे धरले तर ताणा चोवीसशे धाग्यांचा होतो. तासाभरात एखादा धागा तुटण्याचा संभव दहा हजारांत एक इतका क्षुद्र आहे असे मानू. तरीदेखील चोवीसशेंतला एकही न तुटता तास पार पडण्याचा संभव शेकडा 79 च भरतो. पाच तासांत एकदा तरी काही तुटावयाचे, आणि तेही एका साच्यावर. साध्या साच्यावर धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा या टोकाहून त्या टोकाला जातो. इंचाला साठ आडवे धागे पडत असतील आणि धोटा मिनिटाला एकशेऐंशी फेऱ्या घालत असेल, तर मिनिटाला तीन इंच कापड तयार होते. तुटका धागा पाच मिनिटे कोणाच्या नजरेस आला नाही की पंधरा इंच कापडात चीर राहिली.

धागा तुटू नये म्हणून जे करावयाचे ते पुष्कळसे विणकराच्या हाती नसतेच. कापूस कोणता घेतला, सूत कसे कातले, खळ किती दिली, हे सारे दुसऱ्या खात्यांत ठरून यावयाचे. हवा ओलसर असली तर कापसाचा धागा चिवट होतो. मुंबईला गिरण्या मानवल्या त्यात समुद्राच्या या हवेचा वाटा होता, आणि कोरड्या दिवसांत खात्यात पाण्याचे तुषार सोडावे लागत. आषाढात साचे गुणाने चालतात, असे आप्पा म्हणत. विणकराच्या हाती उरते ते एवढेच: साच्यामागे जाऊन ताण्यावरून हात फिरवावयाचा आणि तुटण्याच्या बेतात आलेला धागा बोटांनी ओळखावयाचा, आवाज बदलला की चालत्या साच्यावरची नजर तिकडे वळवावयाची, आणि तुटलाच तर फणीच्या दातांतून अडखळल्यावाचून पार होईल अशी बारीक गाठ मारून साचा पुन्हा सुरू करावयाचा. ती गाठ मारावयास आप्पांना एक श्वास पुरे. यंत्राच्या फाशासारखा त्यांचा धागा मुका नव्हता. तो का तुटला, हे तुटलेली टोके चिमटीत धरताच त्यांना कळे: खळ कमी पडली, की सुतात गाठोळी होती, की फणीचा दात घासला.

1928 सालच्या सार्वत्रिक संपाचा एक मुद्दा मला इतकी वर्षे नीट कळला नव्हता, तोही या कागदावर कळला. एका विणकराने दोनांऐवजी तीन साचे सांभाळावे, अशी मालकांची योजना होती, आणि तिच्याविरुद्ध एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणगाव बंद राहिले. माझे आजोबा त्या संपात होते. तिसरा साचा म्हणजे अधिक कष्ट, एवढाच अर्थ मी धरून चाललो होतो. परंतु तिसऱ्या साच्यापाशी उभे असताना पहिल्यावर तुटलेला धागा उशिरा दिसणार; उशिरा दिसला की कापड बिघडणार; आणि बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याची चाल त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत होती. अशा कपातींना कायद्याची वेसण बसली ती 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने. फासे टाकणारा एक आणि माल गमावणारा दुसरा, असा तो डाव होता. निदान नातवाच्या खेळात यंत्र तिसरी भट्टी त्याच्या गळ्यात बांधत नाही.

आणखी एका बाबतीत तो खेळ दयाळू आहे. त्यात कारागिराचे कसब 83 वर गेले की ते 83 च राहते. वर्षभर कोणी तिकडे फिरकला नाही तरी परत येईल तेव्हा आकडा तसाच, आणि भट्टीही पेटलेलीच. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, तेव्हा आप्पांचे कसबही कमी झाले नव्हते. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक थंडावल्या. पुढे आप्पांच्या गिरणीच्या जागी काचेची इमारत उभी राहिली. पण ती पाहावयास ते उरले नाहीत.

मधल्या वर्षांत ते या खिडकीत बसत. पौष लागला की चाळीतली पोरे तुटलेले मांजे घेऊन त्यांच्याकडे येत, कारण त्यांनी मारलेली गाठ फिरकीत अडकत नसे आणि पेचात सुटत नसे. मला ते पाहवत नसे. चार साचे एका वेळी चालवणारा माणूस पोरांच्या पतंगाच्या दोऱ्या जोडीत बसला आहे, याचा मला राग येई. आणि तो राग मी त्यांच्यावरच काढी. “आप्पा, तुम्हाला दुसरं काही काम नाही का?” असे मी एकदा सर्वांसमक्ष म्हणालो. त्यांना ते ऐकू आले नसावे, अशी मी पुढे पुष्कळ वर्षे आपली समजूत घालत आलो. ते मोठ्याने म्हणाले, “बस, तुला शिकवतो.” मी वह्या तपासायच्या आहेत असे सांगून आत गेलो.

बारावी तलवार श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी पुरी झाली. मधल्या काळात पाती मोडली, मुठीही मोडल्या. पण त्याने वही घातली होती आणि प्रत्येक फसलेल्या वस्तूसमोर तो माल, घण आणि जागा टिपून ठेवत होता. नदीकाठच्या लोहारशाळेत पाती अधिक जमतात असा त्याला दाट संशय आहे. शंभर नोंदी झाल्यावाचून त्यावर विश्वास ठेवू नकोस, असे मी त्याला बजावले आहे.

त्या रात्री त्याने मला ती गाठ दाखवावयास सांगितली. मला येत नाही, असे सांगणे भाग पडले. “पण तुम्ही पाहिली असेल ना?” पाहिली होती, हजारदा. त्याच्या आजीच्या शिवणाच्या डब्यातले पांढरे रीळ काढून आम्ही दिव्याखाली बसलो. एक टोक दुसऱ्यावर आडवे, अंगठ्याखाली दाबलेले, मग एक फेरा, मग कुठेसे बोट घालून ओढणे. आप्पांची बोटे मला स्पष्ट दिसत होती, पण ती फार जलद चालत होती. दोघांनी मिळून बारा गाठी मारल्या. तीन सुटल्या नाहीत. त्यांतली एकही फणीतून गेली असती असे मला वाटत नाही. पोराने वहीचे नवे पान काढले, वर तारीख घातली आणि खाली लिहिले: बारांत तीन.