माणदेशातलं पोरकं खोंड

खिलार बैल पाहायचे असतील तर माणदेशात चला. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात खरसुंडी गाव आहे. तिथे सिद्धनाथाचं देऊळ. पौषातल्या यात्रेत इथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. पांढरेशुभ्र, लांब शिंगांचे बैल नि खोंडं ओळीनं बांधलेली! इकडे पाऊस कमी, पिकाचा भरवसा नाही. म्हणून गोठ्यातलं खोंड म्हणजे घरची ठेवच.

पण व्यायल्यावर गायच मेली तर? जवळच्या एका वाडीवर मी असं पोरकं खोंड पाहिलं. खिलार गाय मुळात दूध कमी देते. शिवाय परकं वासरू हुंगून ओळखते आणि लाथ मारते. मग तिथल्या आजींनी शेजारच्या नुकत्याच व्यायलेल्या गायीचा चीक आणला आणि दोन-तीन तासांच्या आत पाजला. "चीक चुकला की वासरू हातचं गेलं बघा, गुरुजी!" आजी म्हणाल्या. खरंच आहे ते. रोगांशी लढायची ताकद वासराला चिकातून मिळते. पहिला दिवस उलटला, की त्याची आतडी ती घेत नाहीत.

पुढे जर्सी गायीचं कोमट दूध. आजी बोट दुधात बुडवायच्या, वासरू ते चोखायचं. मग बोट हळूच खाली बादलीत! चार दिवसांत पठ्ठ्या आपला आपण प्यायला लागला. बादली मात्र रोज गरम पाण्यानं धुवायची, नाहीतर हगवण लागते.

आता हिशेब करू या. वासराला वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दूध लागतं. २० किलोच्या वासराला रोज २ लिटर. ९० दिवसांचं १८० लिटर. लिटरला ३० रुपये धरले तर ५,४०० रुपये! म्हणून दुसऱ्या आठवड्यापासूनच त्याच्यापुढे कोवळा चारा नि मूठभर भरडा ठेवतात. चारा खाऊनच रवंथ करायचं पोट तयार होतं. वासरू लवकर चाऱ्याला लागलं, की तेवढं दूध वाचतं.

एवढं करून फायदा? तो बाजारावर. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा खोंडांची मागणी घटली. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली, तशी मागणी पुन्हा वाढली. भाव काही आपल्या हातात नसतो. वेळेवर पाजलेला चीक नि स्वच्छ धुतलेली बादली मात्र आपल्याच हातात असते.

खरसुंडीच्या बाजारात एखाद्या देखण्या खोंडाच्या पाठीवरून हात फिरवाल, तेव्हा मालकाला जरूर विचारा, "याला लहानपणी कुणी वाढवलं?"