एकचाकी गाडी, गंज आणि माळ्याच्या पगारातील वजावट

बागेतील माती, खत आणि पालापाचोळा वाहून नेणारी एकचाकी ढकलगाडी हे इतके साधे अवजार आहे की ते विकत घेताना फारसा विचार करावा असे खरेदी करणाऱ्यांना वाटत नाही. मात्र ते मोडले म्हणजे दोष कोणाचा हे ठरवण्याची सर्वांनाच घाई होते. साकीनाक्यालगतच्या एका गृहसंकुलात अशा घाईने एक निवाडा झाला, आणि तिथले रहिवासी असलेल्या प्रस्तुत लेखकाच्या मनात तो अजूनही सलतो.

पार्श्वभूमी सर्वपरिचित आहे. २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दररोज १०० किलोहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, असा आग्रह मुंबई महानगरपालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून धरला. त्यानंतर अनेक संकुलांत खताचे खड्डे आले, तयार खत बागेपर्यंत नेण्याचे काम माळ्याकडे आले आणि त्यासाठी गाडी आली. या संकुलात ती सर्वांत कमी दराच्या कोटेशनवर आली.

पावसाळा सरता सरता त्या गाडीच्या हौद्याचा, म्हणजे माल भरण्याच्या खोलगट भागाचा, तळ फुटला आणि चाक आसावर घट्ट बसले. व्यवस्थापक समितीने गाडी पावसात उघड्यावर ठेवल्याचा ठपका माळ्यावर ठेवून निम्मी किंमत त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापण्याचे ठरवले. सभेत त्याला बोलावले गेले नाही, आणि निर्णय त्याला सुरक्षारक्षकाकडून कळला.

तो हौदा ज्याने उलटा करून पाहिला असता, त्याला निराळेच काही दिसले असते. गंज वरून, पाऊस पडतो त्या बाजूने आलेला नव्हता. हौदा सांगाड्याला जोडणाऱ्या चार बोल्टांच्या भोकांभोवती तो सुरू झाला होता. रंग चढवल्यानंतर भोके पाडल्यामुळे पत्र्याची कड उघडी राहिली होती, बोल्टाखाली वॉशर नव्हते, आणि तिथून ओल रंगाच्या आत शिरून हिरव्या रंगाचे पापुद्रे फुगत गेले होते. बोटाने दाबताच पापुद्रा सुटे आणि खाली तांबूस भुकटी लागे. पत्रा २० गेजच्या आसपासचा, म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर जाडीचा होता. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, ही उलटी रीत ठाऊक नसल्याने कोटेशनवरील २० हा आकडा समितीतील काहींना मजबुतीचा वाटला होता. अर्धवट कुजलेल्या ओल्या खतातून आम्ल आणि क्षार झिरपतात, आणि असा पत्रा त्यांच्यापुढे एक पावसाळाही तग धरत नाही, मग गाडी छपराखाली असो वा नसो.

छपराचेही तसेच. संकुलात बंद खोली होती, परंतु तिच्यात सणासुदीच्या सजावटीचे सामान भरलेले असे आणि किल्ली कार्यालयात राही. माळ्याचे काम सकाळी कार्यालय उघडण्यापूर्वी सुरू होई आणि ते बंद झाल्यावर संपे. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याने वस्तू कुलपात ठेवली नाही, हा दोष होऊच कसा शकतो? कामगाराच्या ताब्यातील वस्तूचे नुकसान त्याच्याच हयगयीमुळे झाले असेल तरच वेतनातून कपात करता येते, आणि तीही त्याला बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतर, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम राहिले. कोणता कायदा कोणत्या आस्थापनेला लागू पडतो हा वकिलांचा प्रश्न मानला, तरी आधी विचारावे आणि मग कापावे, एवढी रीत पाळायला कायद्याचीही गरज नव्हती.

खरेदी करणाऱ्या समित्यांनी म्हणूनच काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हौद्याचा पत्रा १६ गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा आणि जस्तलेपित असावा. जस्त स्वतः आधी झिजून लोखंडाला वाचवते, त्यामुळे बारीक ओरखडा पडला तरी गंज लगेच धरत नाही. या गाडीत चाक पुढे टेकू म्हणून, भार मध्ये आणि उचलणारे हात मागे असतात, म्हणून हौदा जितका चाकाच्या जवळ झुकलेला तितका हातांवरचा भार कमी. चाक बेअरिंगचे घ्यावे. हवेच्या टायरसाठी ४.००–८ हे माप, म्हणजे चार इंच रुंदी आणि आठ इंचांची रिम, सोयीचे ठरते, कारण तेच माप ऑटोरिक्षात सर्रास वापरले जाते आणि साकीनाक्यासारख्या भागात त्याचे पंक्चर काढणारा शोधावा लागत नाही. भरीव रबराचे चाक पंक्चर होत नाही हे खरे, परंतु पेव्हर ब्लॉकवर त्याचा प्रत्येक हादरा मनगटापर्यंत पोहोचतो.

निगा थोडीच, पण रोजची हवी. काम संपताच हौदा धुऊन, पुसून, गाडी भिंतीला उभी टेकवून ठेवावी, म्हणजे पाणी साचत नाही. आसाला अधूनमधून ग्रीस द्यावे, पावसाळ्यापूर्वी बोल्ट आवळावेत, रंग उडालेल्या जागी खरवडून रेडऑक्साइड लावावे. सांताक्रूझच्या वेधशाळेत चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस नोंदला जातो; अशा शहरात हे उपचार टाळता येत नाहीत. मात्र त्यासाठी लागणारे ग्रीस, ब्रश आणि दहा मिनिटांची सवड माळ्याला संस्थेनेच द्यायला हवी.

पुढे खैरानी रस्त्यावरील फॅब्रिकेशनच्या एका गाळ्यातून जाड पत्र्याची, पाइपच्या सांगाड्याची गाडी करवून घेण्यात आली. वेल्डिंग एकसंध होते, भोके जस्ताचा थर चढण्याआधीच पाडलेली होती, आणि टिकाऊपणाच्या कोणत्याही कसोटीला ती उतरावी अशी होती. प्रस्तुत लेखकाने तिचा हिरिरीने आग्रह धरला होता. माळी मात्र तळघराच्या चढावर ती रिकामीच ओढताना थांबतो, खत अर्धेच भरतो, आणि जुनी गाडी हाताला हलकी होती असे सांगतो. प्लॅस्टिकच्या हौद्याची हलकी गाडी मिळाली तर बरे, असे त्याचे म्हणणे आहे; तिला गंज लागत नाही, पण उन्हाने ती दोन-चार वर्षांत ठिसूळ होऊ शकते हे सांगितल्यावरही त्याचे मत बदलले नाही. वस्तू दीर्घकाळ टिकावी ही ओढ खरेदी करणाऱ्याची असते, आणि ती वस्तू रोज उचलणाऱ्याच्या खांद्यांचा हिशोब त्यात धरलेला नसतो. त्यामुळे गाडी जाड पत्र्याचीच घ्यावी हे वर मांडलेले मत आता तितक्या ठामपणे मांडता येत नाही. कापलेली रक्कम माळ्याला परत मिळाली पाहिजे, हे मात्र तितक्याच ठामपणे मांडता येते, आणि ती अद्याप मिळालेली नाही.