छापील तान आणि तासाची घंटा

आमच्या भिलाईच्या नेहरू नगरापासून खैरागड फार दूर नाही. तेथील राजेसाहेबांनी व राणीसाहेबांनी आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि १९५६ साली त्यात इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. पुढे या विश्वविद्यालयास कुलगुरू लाभले ते श्रीकृष्ण नारायण रातंजनकर.

भातखंड्यांचे हे शिष्य बडोद्यास फैयाज खाँसाहेबांपाशी शिकले होते, शिवाय पदवीधर. मैफली गाजवून सुखाने राहता आले असते. परंतु १९२८ साली ते लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पाव शतकाहून अधिक काळ त्यांनी तेथे शिकविण्यात घालविला.

वाचकहो, हे सारे मी शोधू लागले त्यास कारण घडले. आमच्या धाकट्या कन्येने खैरागडास गायन शिकण्याचा हट्ट धरला, आणि सासूबाई म्हणाल्या, "घंटा होताच थांबते ते गाणे कसले?"

आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बंदिश पाठ करता येते; आलाप-ताना ऐन वेळी सुचाव्या लागतात. अमेरिकेतील जॅझचेही तसेच. नॉर्थ टेक्सासच्या महाविद्यालयाने १९४७ साली तो पदवीचा विषय केला, तेव्हा नाव मात्र नृत्याच्या वाद्यवृंदाचे दिले. जॅझ हा शब्दच मुळी प्रतिष्ठित नव्हता! सुचणे वर्गात शिकविता येते काय, हा प्रश्न तेथेही आहेच.

रातंजनकरांनी विद्यार्थ्यांसाठी 'तानसंग्रह' लिहिला. छापील तान म्हणताच सासूबाईंनी कपाळास हात लावला. मला मात्र त्यात शहाणपण दिसते. लिहिलेली तान घोटावयाची ती मैफलीत तशीच म्हणण्यासाठी नव्हे. रागाची वळणे गळ्यास ठाऊक व्हावीत म्हणून.

आणि घंटेनंतरचे काय? कृष्णराव गिंडे अकराव्या वर्षी लखनौस गेले आणि रातंजनकरांच्या घरीच राहून शिकले. पुढे ते स्वतः मुंबईच्या वल्लभ संगीतालयाचे प्राचार्य झाले. अर्थात, असे घर प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्यास येत नाही, वर्ग येतो. पूर्वी बहुतेकांना तोही दुर्लभ होता, मुलींना तर विशेषच.

हे सारे ऐकून सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, "तेथे वर्ग सुटल्यावर मुलीला तंबोरा घेऊन बसू देतात ना?"

येत्या आठवड्यात ते विचारावयास आम्ही तिघी जाणार आहोत.