परवडणारे सांधे

पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही चाकांना शॉकअप असलेली डोंगरी सायकल विद्यार्थ्याच्या खर्चात बसते की नाही, हा प्रश्न वरकरणी किमतीचा वाटत असला तरी मुळात तो सांध्यांचा आहे. मागचे चाक फ्रेमपासून स्वतंत्रपणे वरखाली हलायचे तर फ्रेम एकसंध राहू शकत नाही. तिचे पुढचा आणि मागचा असे भाग करावे लागतात आणि ते जिथे जोडले जातात तिथे पिव्होट, म्हणजे बुशवर किंवा बेअरिंगवर फिरणारे सांधे, बसवावे लागतात. साध्या सायकलीच्या फ्रेममध्ये असा एकही सांधा नसतो, तर डबल शॉकअपच्या फ्रेममध्ये रचनेनुसार एकापासून चारपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असतात, आणि जिथे सांधा आहे तिथे झीज ठरलेली आहे.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत हे तत्त्व कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या मागांवर काम करणारा फिटर कोणत्या बुशमध्ये प्ले, म्हणजे झिजेमुळे आलेली ढिलाई, आली आहे हे पुष्कळदा आवाजावरून सांगतो. आणि याच वसाहतीत, १९९२ साली स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या कारखान्यात, मोटारींच्या इंजिनांसाठी जे कॅमशाफ्ट घडतात त्यांचे मोल मिलिमीटरच्या सूक्ष्म अंशांच्या अचूकतेवरच ठरते. यंत्र जोखण्याची हीच दृष्टी सायकलीच्या दुकानात सोबत नेली, तर रंग, स्टिकर आणि गिअरची संख्या यांच्या आधी नजर सांध्यांकडे जाते.

शॉकअपचे काम दोन अवयव मिळून करतात. स्प्रिंग, मग ती पोलादी असो वा कोंडलेल्या हवेची, धक्क्याची ऊर्जा साठवते. आणि डॅम्पर, म्हणजे बारीक छिद्रांतून तेल ढकलणारी दट्ट्याची रचना, त्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करून तिला संपवते. डॅम्पर नसेल तर साठवलेली ऊर्जा तशीच परत येते आणि खड्ड्यातून बाहेर पडलेले चाक स्वाराला वर उडवते. बाजारात दहा ते वीस हजारांच्या दरम्यान मिळणाऱ्या बहुतेक डबल शॉकअप सायकलींत मागे केवळ जाड पोलादी स्प्रिंग असते, डॅम्पर नसतो किंवा नावापुरता असतो, आणि सांध्यांत बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे बुश असतात. स्प्रिंगवरची कडी फिरवून ती कडक करता येते असे विक्रेते सांगतात. परंतु त्या कडीने स्प्रिंगवरचा आरंभीचा दाब तेवढा बदलतो, तिचा कडकपणा बदलत नाही. अशा सायकलीचे वजन अठरा-वीस किलोंपर्यंत जाते, पेडल मारताना मागचा भाग हिंदकळत राहतो आणि पायांच्या कष्टाचा काही भाग चाकाऐवजी स्प्रिंगमध्ये जिरतो.

हलक्या, हवेच्या शॉकअपच्या आणि खऱ्या डॅम्परच्या नव्या सायकलींची किंमत मात्र भारतात साधारणतः लाखाच्या पुढे सुरू होते, आणि तिथेही हिशेब खरेदीपाशी संपत नाही. रॉकशॉक्ससारख्या उत्पादकांच्या सूचनांनुसार मागच्या शॉकअपच्या हवेच्या कक्षाची सफाई आणि वंगण साधारण पन्नास तासांच्या वापरानंतर करायचे असते. वसाहतीतून महाविद्यालयात रोज जाऊन-येऊन एक तास सायकल चालवणाऱ्या विद्यार्थ्याचे पन्नास तास दोन महिन्यांच्या आत भरतात. कोरडी धूळ आणि पावसाळ्यात चिकटणारी काळी माती या सोलापुरी हवामानात सील त्याहून लवकर खराब होऊ शकतात. साधा बुश वसाहतीतल्या एखाद्या लेथवर कातून घेता येईल, परंतु हवेच्या शॉकअपचे सील आणि खास पंप बाहेरूनच मागवावे लागतात.

उत्तम सायकलीला मागचा शॉकअप असलाच पाहिजे, ही समजूत स्पर्धांचा इतिहासही पुरती मान्य करत नाही. डोंगरी सायकलिंग १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये आले, आणि फ्रान्सच्या ज्युलियां अब्सालोंने २००४ व २००८ ची सुवर्णपदके हार्डटेलवर, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेल्या सायकलीवर, जिंकली. दोन्ही चाकांचे शॉकअप असलेल्या सायकलीवर चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुल्हावीने सुवर्ण मिळवले ते २०१२ साली लंडनमध्ये. मागच्या शॉकअपचा लाभ खडकाळ, लांब उतारावर खरा मिळतो, जिथे चाक जमिनीला चिकटून राहण्यावर वेग आणि सुरक्षितता अवलंबून असते. सोलापूरच्या परिसरात असे उतार फारसे नाहीत. हिप्परग्याच्या तलावाकडच्या कच्च्या वाटा सौम्य चढउतारांच्या आहेत, आणि बालाघाटच्या रांगेसाठी तुळजापूरपर्यंत जावे लागते. इथल्या वाटांचा मुख्य शत्रू खडक नसून बाभळीचा काटा आहे.

म्हणून खर्चाचा क्रमही जमिनीवरून वर चढत जावा. सव्वादोन इंच रुंदीचा टायर योग्य, म्हणजे वजनानुसार पंचवीस ते तीस पीएसआयच्या आसपासच्या, दाबावर ठेवला तर लहान धक्के तोच पचवतो, आणि त्यात सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारे द्रव, घातले तर काट्यांचा त्रास बराच कमी होतो. त्यानंतर विश्वासार्ह ब्रेक, मग पुढचा शॉकअप, आणि तोही तेलाचा डॅम्पर व लॉकआउट, म्हणजे सपाट रस्त्यावर हालचाल बंद करण्याची सोय, असलेला. मागच्या शॉकअपचा विचार या सगळ्यानंतर उरलेल्या पैशांतून व्हावा.

तरीही दोन्ही शॉकअपच हवे असतील तर जुनी पण चांगली सायकल हा एकमेव प्रामाणिक मार्ग उरतो. सीट धरून सायकल किंचित उचलावी आणि मागचे चाक जमिनीला टेकताना टकटक जाणवते का ते पाहावे. जाणवल्यास सांध्यात किंवा शॉकअपच्या बुशमध्ये प्ले आहे. पिव्होटजवळच्या वेल्डिंगवर तडा, पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे आणि मागच्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा थर यांपैकी काहीही दिसले तर व्यवहार सोडावा. शॉकअपची लांबी आणि हालचाल यांचे माप नोंदवून त्या मापाचा नवा शॉकअप अजून मिळतो का याची खात्री करावी, कारण २०१६ नंतर ही मापे बरीच बदलली. आणि मूळ बिलाशिवाय, फ्रेमवरचा क्रमांक त्याच्याशी जुळवून पाहिल्याशिवाय, पैसे देऊ नयेत. बसल्यावर शॉकअप आपल्या हालचालीच्या पाव ते तीन दशांश इतका दबला तर स्वाराच्या वजनाला तो जुळला असे समजावे.

विद्यार्थ्याने एवढेच लक्षात ठेवावे : तीस-चाळीस हजारांत चांगली हार्डटेल घ्यावी, त्याहून कमी पैसे असतील तर शॉकअपच नसलेली, रुंद टायरची भक्कम सायकल घ्यावी, आणि स्वस्तातली नवी डबल शॉकअप सायकल कोणत्याही भावात घेऊ नये.