शेवंडीच्या मागावर
अमेरिकेतील फ्लोरिडाच्या ‘कीज’ बेटांवर दरवर्षी जुलैअखेरीस, मोसमापूर्वी, हौशी मंडळींना लागोपाठ दोन दिवस शेवंडी धरण्याची मुभा असते. पुतण्यासोबत मीही पाण्यात उतरलो. गोव्याकडील शेवंडीप्रमाणे हिलाही मोठ्या नांग्या नसतात. काठीने मागून गुदगुल्या करून तिला कपारीबाहेर काढावयाचे, पाठीशी जाळी धरावयाची आणि पुढून डिवचावयाचे. बिचकून ती मागे उसळते ती थेट जाळीत!

येथे मर्यादा माणशी दिवसाला ६. पाठीचे कवच ३ इंचांहून मोठे हवे, आणि मापावयाचे पाण्यातच. पुतण्याची सहावी शेवंड मापात भरली. पण पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस होता. त्याने मुकाट्याने जाळी उपडी केली. बाजारात आपण गाभोळीची मासळी मुद्दाम निवडून घेतो, हे आठवून मी ओशाळलो.